अडीच हजार फुटांवरचा धूर

१२ फेब्रुवारी, बुधवार

सुनंदाबाईंनी आज पुन्हा तेच विचारलं. "सपना, तुमी इमान उडवता का उतरवता?" म्हटलं, दोन्ही नाही, मी नुसती सांगते. "म्हंजे नुसतं बोलायचा पगार?" होय बाई, नुसतं बोलायचा! धुळ्यात देवपूरला त्यांच्या वरच्या खोलीत राहायला लागून सहा महिने होत आले, पण माझं काम त्यांना कळत नाही आणि मला ते समजावता येत नाही. शेवटी दोघी शेवभाजीवर येतो, तिथे मात्र एकमत होतं.

खरं तर सोपं आहे. चिंचखोऱ्याची आमची धावपट्टी, तिथे विमान शिकवायची एक शाळा, आणि आकाशात शाळेची ती पिटुकली विमानं. आमच्याकडे रडार नाही. विमान कुठे आहे हे वैमानिक रेडिओवर सांगेल तेच खरं. म्हणून प्रत्येकाला वेगळी उंची द्यायची. एक अडीच हजार फुटांवर, दुसरं साडेतीन हजारांवर. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मला शिकवणाऱ्या नवीन सरांनी (नावच नवीन, माणूस जुना) पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात ठोकून भरला: पहिल्यानं "मी ही उंची सोडली" असं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय ती दुसऱ्याला द्यायची नाही. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, म्हणाले.

मी अजून शिकाऊ. सर शेजारी बसतात, त्यांच्या कानावरही हेडफोन असतो, मी चुकले तर ते मधेच बोलू शकतात. एप्रिलअखेर परीक्षा. पास झाले की एकटी बसणार.

माझ्या वडिलांना, नानांना, तेवढा धीर कुठला! जन्मभर एरंडोलच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, माइकवर गाड्या पुकारल्या. आता भडगावात दारोदार सांगत फिरतात, आमच्या घरात दोन कंट्रोलर म्हणून. रात्री फोन आला. "तुना सत्कार ठरी गया. चौदा एप्रिलले, जयंतीले. बठ्ठा लोके येतीन." अहो नाना, परीक्षा तर होऊ द्या! "व्हई जाई, व्हई जाई." फोन ठेवलासुद्धा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शाळेतली रूपाली भंगाळे आज टॉवर बघायला आली. रावेरची, घरी केळीचा बाग. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा एकटी उडाली, अजून पाय जमिनीवर नाहीत. येताना घरच्या केळीचे वेफर्स घेऊन आली. "ताई, तुमचा आवाज आला की मला वर एकटं वाटत नाही," म्हणाली. वा! इतकं कौतुक माझ्या आईनं नाही केलं. वेफर्स मीच संपवले, सरांना दोन दिले.

तिची एक सवय आहे. रेडिओवर बोलायला लागली की आधी "गुड मॉर्निंग टॉवर" म्हणणार, दुपार असो की संध्याकाळ. आणि उतरल्यावर खालून टॉवरकडे बघून हात करणार. शाळेत शिकवणारे कॅप्टन लोक हसतात तिला. मला आवडते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी रूपाली एकटी वर होती, पद्मालयाच्या बाजूला, अडीच हजारांवर. एक कॅप्टन दुसऱ्या विद्यार्थ्याला घेऊन साडेतीन हजारांवरून परत येत होते. मी रूपालीला सांगितलं, दीड हजारावर उतर आणि धावपट्टीकडे ये. तिनं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. मला तेवढं पुरलं. ती नेहमी सांगितल्याबरोबर उतरते ना! तिच्या नावाची कागदी पट्टी मी समोरच्या फळीवर अडीच हजाराच्या खणातून खालच्या खणात सरकवली, जणू ती उतरलीच. मग कॅप्टननी खाली यायची परवानगी मागितली आणि मी ऐटीत दिली. अडीच हजार.

ती तिथेच होती. खाली धूर होता म्हणून ती उतरली नव्हती.

रेडिओवर सगळं इंग्रजीत चालतं. पण ती ओरडली ती घरच्या बोलीत. "अगं माय वं!" एवढंच. त्यानंतर काहीच ऐकू येईना. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी माइकचं बटण दाबलं, पण तोंडातून शब्दच फुटेना. सर खिडकीपाशी फोनवर होते. त्यांची पुण्याची बदली लवकरच व्हायची आहे, त्याचाच फोन. हेडफोन खुर्चीला लटकत होता. माझा चेहरा बघून ते धावत आले, माझ्या हातातून माइक घेतला आणि दोघांना उतरवलं. उतरल्यावर कॅप्टननी फोन केला. म्हणाले, त्या पोरीच्या विमानाच्या चाकांचे नट मोजता आले असते मला.

आणि धूर मला दिसत होता! समोरच्या खिडकीतून, चांगला काळा, पट्टाच्या पट्टा. कपाशी निघाली की पऱ्हाटी जाळतातच आमच्याकडे. काकाच्या वावरात मी स्वतः काडी लावलीय. बाहेरगावचं कुणी खुर्चीत असतं तर त्यानं विचारलं असतं, हा धूर कसला, किती वर गेलाय, आत कुणी सापडेल का? मी इथलीच. मला वाटलं, आली पऱ्हाटी जाळायची वेळ. खालून जो रोजचा धूर, तो वरून भिंत असतो हे मला सुचलंच नाही.

सुनंदाबाईंनी भाकरी वाढली होती. झाकून ठेवली तशीच आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन सर देवमाणूस आहेत. सकाळी मी रडत गेले तर म्हणाले, "डोळे पूस. मी मिटवलंय. वर काही कळवायचं नाही, आपसात झालंय." कॅप्टनशी बोलले, शाळेशी बोलले. सांगितलं की टॉवरनं उतरायला सांगितलं होतं, मुलीनं वेळेत उंची सोडली नाही.

मी म्हटलं, पण सर, तिनं सोडल्याचं सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नाही.

"उतर म्हटल्यावर उतरायचं असतं. त्यात खोटं काय आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सपना, तुझं अख्खं आयुष्य पडलंय पुढे. अशा ठिकाणी पोचलेली तुमच्या घरातली तू पहिली. विचार कर."

माझ्यासाठी एवढं कोण करतं? चहाही त्यांनीच पाजला.

रूपालीचं एकटीनं उडणं बंद. घरी पाठवलंय. शाळेतून काढायचं का ते नंतर ठरवणार.

४ मार्च, मंगळवार

चोर सोडून संन्याशाला फाशी. आज दिवसभर ही एकच म्हण डोक्यात. आज मी एकही चूक केली नाही. प्रत्येकाला दोनदा विचारलं. सर म्हणाले, छान, सुधारणा आहे.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. टॉवरच्या खाली छोटा कार्यक्रम झाला. मला गुलाबाचं फूल दिलं. शाळेच्या एका साहेबांनी भाषण केलं की मुली आता आकाश सांभाळतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. फोटो नानांना कुणी पाठवला कोण जाणे, त्यांनी तो अख्ख्या भडगावाला पाठवलाय.

फूल बसमध्येच सोडलं. कंडक्टरनं मागून हाक मारून परत दिलं. घ्या! टाकूही देत नाहीत.

१६ मार्च, रविवार

रावेरला जाऊन आले. सगळं सांगून माफी मागायची असं ठरवून गेले होते. जळगावपर्यंत शब्द पाठ केले, पुढे भुसावळ, सावदा, तोंडातल्या तोंडात तेच.

भंगाळ्यांच्या अंगणात ट्रक लागलेला, केळीच्या फण्या खोक्यांत भरणं चाललं होतं. रूपाली ओढणी कमरेला खोचून खोक्यांवर चिकटपट्टी मारत होती. मला बघून उठली ती धावतच आली. मी तोंड उघडायच्या आत माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, मला माफ करा. माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं असतं."

तिनं मला सावलीत ओढलं.

"खाली धूर होता. म्हटलं, जरा बाजूला जाते आणि मग उतरते. तुम्हाला सांगणारच होते, पण तेवढ्यात कॅप्टन बोलायला लागले, मग तुम्ही. मधे घुसता येईना. मीच हळू आहे, ताई. सर म्हणतात तेच खरं. उतर म्हटल्यावर उतरायला पाहिजे होतं."

म्हणजे ती सांगणार होती. आणि ज्या वेळात तिला सांगता आलं असतं, त्या वेळात मी तिचीच उंची कॅप्टनला देत होते.

तेवढ्यात तिची आई, इंदिराबाई, बाहेर आल्या. "बस वं माय. जेवल्याबिगर कशी जाशीन?" वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. तूप इतकं की ताटात ओघळ. वडील, सुपडूभाऊ, स्वतः वाढायला उभे. "मॅडम स्वतः आल्या, मोठं मन लागते," म्हणाले. आणि मी जेवले. पोटभर जेवले. इंदिराबाईंनी आग्रह केला तर आणखी एक बट्टी घेतली. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत केळीची अख्खी फणी घातली आणि माझा हात धरून ठेवला. "तुमी शब्द टाका माय शाळेत. तुमचं ऐकतीन. पोरगी झोपीत बी दचकते, इमानाबिगर दुसरं बोलत नी."

मी म्हटलं, बघते.

बघते! काय बघणार आहे मी? मेले असते तर बरं असं म्हणायचीही सोय नाही, कारण मरणार होती ती.

१८ मार्च, मंगळवार

सरांना म्हटलं, मला कळवायचंय. खरं काय झालं ते.

त्यांनी दार लावलं. रागावले नाहीत, उलट फार समजुतीनं बोलले. रेडिओवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, पण ते महिनाभरच राहतं, मग पुसलं जातं. "ह्या महिन्याची सत्तावीस उलटू दे. मग विषय संपला. माझ्यावर काही येईल म्हणून नाही म्हणत मी. मला काय, मी चाललो पुण्याला. तुझ्यासाठीच जीव तुटतो."

मला भरून आलं. किती काळजी करतात! त्यांना दुखवायचं माझ्या जिवावर येतं.

केळी काळी पडायला लागली. सुनंदाबाई म्हणाल्या शिकरण करू. म्हटलं, तुम्हीच खा.

२४ मार्च, सोमवार

कळवलं.

काल रात्रभर ठरत नव्हतं. सत्तावीस उलटली की मी सुटणार हे मला माहीत होतं, आणि सुटले की रूपाली कायमची हळू ठरणार. ती म्हातारी होईल आणि नातवंडांना सांगेल, मी विमान चालवायचे पण मी हळू होते. सकाळी उठले, चहाही घेतला नाही, थेट सुरक्षा विभागाला ईमेल टाकला. काय झालं ते सगळं, आणि रेकॉर्डिंग पुसायच्या आत ऐका म्हणून.

मग नानांना फोन. वाटलं होतं, ते तरी पाठीवर हात ठेवतील. कसलं काय!

"कोन्ही इचारं व्हतं का तुले?"

नाही, नाना.

"मंग कसाले सांगं?" आवाज चढला. "मी बठ्ठासले सांगी बसनू. पत्रिका छापाई गयी!" मागे आईचा आवाज ऐकू आला, काय झालं म्हणून विचारत होती. त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर रूपालीला केला. सगळं सांगितलं, एका दमात, कुठे थांबले तर पुढे बोलता येणार नाही म्हणून. चूक माझी होती, तुझी नव्हतीच, तू केलंस तेच बरोबर होतं.

मागे ट्रकचा आवाज येत होता.

"म्हणजे तुम्ही आमच्याकडे जेवायला आल्या होत्या, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

हो, म्हटलं.

तिनं फोन ठेवला.

७ एप्रिल, सोमवार

बाहेरून दोन अधिकारी आले होते. रेकॉर्डिंग माझ्यासमोर लावलं. माझाच आवाज, काय तो रुबाब! "अडीच हजार" असं म्हणतेय जणू प्रसाद वाटतेय. आणि मग तिचं ते "अगं माय वं". मला वाटलं होतं मी ते विसरले नाही. विसरले होते. त्यात किती भीती होती ते विसरले होते.

मग विचारलं, तुमचे शिक्षक त्या वेळी कुठे होते? मी सांगितलं, खिडकीपाशी, फोनवर. हेडफोन खुर्चीला होता. विचारलं ते सांगितलं, त्यात काय लपवायचं? पण अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सरांचा चेहरा उतरला.

निकाल असा. माझे आतापर्यंतचे सगळे तास रद्द, पहिल्यापासून सुरुवात, आणि पावसाळा लागेपर्यंत माइकला हात लावायचा नाही, मागे बसून नुसतं ऐकायचं. सरांची पुण्याची बदली थांबली. रूपालीला परत बोलावलंय.

सर माझ्याशी बोलत नाहीत. जिन्यात समोर आले तर मान फिरवली. ज्यानं मला वाचवायला इतकं केलं त्याचंच मी वाटोळं केलं. एका चुकीनं किती जणांना बुडवायचं!

१४ एप्रिल, सोमवार

भडगाव. समाजमंदिरात निळे झेंडे, लाडू, पोरांची भाषणं. पत्रिकेत माझं नाव होतंच, ती आधीच छापून झाली होती. सूत्रसंचालकानं ते पुकारलं तेव्हा नाना उठले, त्याच्या हातातून माइक घेतला. मला वाटलं, झालं, आता काय बोलतात कोण जाणे. त्यांनी बसस्टँडवरच्या आवाजात सांगितलं, "सपना बिऱ्हाडेचा सत्कार ह्या वर्षी रद्द करण्यात आला आहे." जशी गाडी रद्द करावी तसं. कुणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. खाली येऊन माझ्या शेजारी बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत उठले नाहीत. लाडू आला तो माझ्या हातावर ठेवला.

२९ एप्रिल, मंगळवार

आज रूपाली एकटी उडाली.

खुर्चीत कौतिक होता. नवा शिकाऊ, चाळीसगावकडचा, हुशार आणि घाईचा. शेजारी जळगावहून आलेल्या नव्या मॅडम, हेडफोन कानावर घट्ट. मी मागच्या स्टुलावर, ऐकायचा हेडफोन घालून. उन्हानं आकाश पांढरं पडलं होतं. धूर कुठेही नव्हता, तरी मी सारखी बघत होते.

तिनं टॉवरला बोलावलं. नुसता विमानाचा क्रमांक. गुड मॉर्निंग नाही.

कौतिकनं तिला दीड हजारावर उतरायला सांगितलं. तिनं ते परत म्हणून दाखवलं. मग म्हणाली, दीड हजार मोकळं आहे याची खात्री करा. कौतिकनं सांगितलं, मोकळं आहे. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. खाली आणखी कुणी आहे का याची खात्री करा.

कौतिकनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "काय डोकं खाते ही पोरगी! एकदा सांगितलेलं कळत नाही का हिला? आधीपासून अशीच आहे?"

"नाही," मी म्हटलं. "आधी अशी नव्हती. सांग तिला."

"अहो, आत्ताच तर सांगितलं."

"पुन्हा सांग. दहादा विचारलं तर दहादा सांग."

नव्या मॅडमनी मान हलवली. त्यानं सांगितलं. मग तिचा आवाज आला, अडीच हजार सोडलं. तिसऱ्यांदा काही विचारलं नाही. विमान उतरलं, धावपट्टीच्या टोकाला वळलं, थांबलं. ती बाहेर आली, टोपी काढली, केस नीट केले. मी उठून काचेला जाऊन उभी राहिले होते, वेड्यासारखी, हात अर्धा वर.

ती टॉवरकडे न बघता आत गेली.